अकरा माणसांची सोय

नाशिकच्या मेळा स्टँडवर चौकशीच्या खिडकीला लागून सिमेंटचं एक बाकडं आहे. त्याच्या डाव्या टोकाला सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सहा कोणी बसत नाही. तिथे पाटी नाही, दोरी नाही. पण ती शरच्चंद्र गायधनींची जागा आहे, हे चहावाल्यापासून सुरक्षारक्षकापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. एखादा नवखा प्रवासी टेकलाच, तर चहावालाच त्याला म्हणतो, "थोडं सरकून बसा पाव्हणं, काका येतील."

काकांचं वय सहासष्ट. एस.टी.त एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. हुद्द्याचं नाव मोठं भारदस्त, पण लोकांच्या लेखी ते खिडकीतले चौकशीवाले. निवृत्त झाले तरी लोकांनी चौकशी सोडली नाही, म्हणून आता ते चौकशीकाका. माणूस किरकोळ, चष्मा जाड आणि आवाज असा की बंद कर्ण्यातूनही सिन्नरपर्यंत जावा. घरी बायकोकडे मीठ मागतानाही ते "कृपया लक्ष द्यावे" अशा सुरात मागतात, असं त्यांची बायको लतिकाबाई सांगतात. लतिकाबाई थोडं वाढवून सांगतात, पण फार नाही.

नोकरीत काकांनी एक नियम पाळला होता. खिडकीशी आलेल्या माणसाला नुसतं 'नाही' सांगायचं नाही. गाडी गेली असेल तर पुढची कधी ते सांगायचं, ती नसेल तर कुठून बदलून जाता येईल ते सांगायचं. 'नाही' एवढंच ऐकून माणूस खिडकीपासून हलला, तर तो आपला पराभव. असे पराभव त्यांनी एकतीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतके पत्करले.

निवृत्तीनंतर एका प्रश्नानं मात्र त्यांना पार चीत केलं. ते सहज स्टँडवर गप्पा मारायला गेले होते. सरकारी दवाखान्यात नवऱ्याला दाखल करून आलेली एक बाई खिडकीशी आली आणि म्हणाली, "साहेब, गाडीचं नाय इचारत. रातच्याला कुठं राहू, आन् खाऊ काय, ते सांगा." खिडकीतल्या नव्या माणसाला उत्तर येईना. काकांना तरी कुठे येत होतं? नाशिकात जन्म गेला, पण नाशिकात रात्र काढायची वेळ आलेल्या माणसानं जायचं कुठं, हे त्यांना माहीत नव्हतं. ती बाई तशीच गेली. काका त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी लांबट आकाराची एक वही आणली आणि पायपीट सुरू केली.

चार महिन्यांत वहीत सगळं आलं. पालिकेचं निवारा केंद्र कुठे, तिथे दार किती वाजता लागतं, बायकांची खोली वेगळी आहे का. कुठल्या धर्मशाळेत ओळखपत्र लागतं, कुठे नुसत्या शब्दावर भागतं. लंगर कधी, कुठल्या ट्रस्टची खिचडी कोणत्या वारी. आणि हाडाचा एस.टी.वाला असल्यानं त्यांनी वहीचे तीन भाग केले. मुक्कामी म्हणजे जिथे झोपता येतं. साधी म्हणजे जिथे बसवून जेवू घालतात. जलद म्हणजे जिथे द्रोण हातात घेऊन उभ्या उभ्या खायचं. समोरच्या भेदरलेल्या माणसाला ते खणखणीत आवाजात विचारायचे, "मुक्कामी पाहिजे की जलद?" आणि रडवेला माणूसही क्षणभर गोंधळून हसायचा. तिथेच अर्धं काम व्हायचं.

एवढा भला माणूस, पण सख्ख्या पुतण्याशी सहा वर्षं बोलत नव्हता.

गायधनींचं घर पंचवटीतलं, तीर्थोपाध्यायांचं. बाहेरगावचे लोक रामकुंडावर क्रियाकर्माला, तीर्थयात्रेला येतात, तेव्हा प्रत्येक गावाचे, प्रत्येक घराण्याचे उपाध्ये ठरलेले असतात. उपाध्यांकडे वह्या असतात. त्यांत यजमानाचं, म्हणजे क्रियाकर्म करवून घेणाऱ्याचं, गाव, आडनाव, बापजाद्यांची नावं, कोण कधी आलं, हे सगळं पिढ्यान् पिढ्या लिहिलेलं असतं. दुसऱ्याचा यजमान आपण घ्यायचा नाही आणि आपला यजमान दारातून परत पाठवायचा नाही, हा त्या गल्लीचा कायदा. शरच्चंद्रांना तरुणपणी हे सगळं जुनाट वाटायचं. ते एस.टी.त गेले, थोरल्या भावानं वह्या सांभाळल्या. भाऊ गेला तेव्हा त्याच्या मुलानं, आल्हादनं, सातपूरच्या कारखान्यातली इंजिनीअरची नोकरी सोडली आणि वह्या हातात घेतल्या. तेराव्याच्या पंगतीत, भरल्या पानांवर, काका बोलून गेले, "इंजिनीअर होऊन आता मेलेल्यांची हजेरी घेणार का?" आल्हादही त्यांचाच पुतण्या. तो म्हणाला, "तुम्ही तरी जिवंतांचं काय केलंत, काका? दुसऱ्यांच्या गाड्या कुठे लागतात ते सांगितलंत!"

काका हात धुऊन निघाले ते परत त्या दारात गेले नाहीत. लतिकाबाई जायच्या, सणावाराचे डबे यायचे-जायचे. डब्यातली पुरणपोळी काका आवडीनं खायचे. पुरणपोळीशी त्यांचं भांडण नव्हतं.

गेल्या श्रावणात तीन दिवस संततधार लागली. धरणातून पाणी सोडलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं. सातपूरकडे नासर्डी नदीही फुगली. साडेचारला खिडकीतल्या उज्वलानं काच सरकवून हाक मारली, "काका, ही मंडळी तुमची."

मंडळी म्हणजे अकरा माणसं. डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद, हातात बोचकी, सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. त्यांच्या पुढे एक ठेंगणी, काटक बाई, लंकाबाई ठोंबरे. मागे तिचा नवरा पुंजा, मुलगा संतोष, सून वैष्णवी आणि वैष्णवीच्या कुशीत नऊ महिन्यांचं बाळ. त्यांच्याच गावचं गांगुर्ड्यांचं पाच जणांचं घर, त्याची कारभारीण सखुबाई. आणि सगळ्यांच्या मागे एक म्हातारी, चतुराबाई. नासर्डीच्या काठी पत्र्याच्या खोल्यांत हे सगळे शेजारी. पुरुष वर्कशॉपमध्ये, बायका पॅकिंगला, चतुराबाई दोन वर्कशॉपचा झाडूपोछा करणारी. सकाळी पाणी खोल्यांत शिरलं आणि पत्रे घेऊन गेलं.

"गावाला जावं म्हनलं," लंकाबाई म्हणाली. "चांदवडाजवळ पिंपळखोरे, तितं घर हाय आमचं. तर ही बाई म्हनती गाड्या बंद."

"पुढं रस्त्यावर पाणी आहे, काका," उज्वला म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत तरी काही सुटत नाही."

काकांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि नेहमीच्या आवाजात जाहीर केलं, "घाबरायचं नाही. दिवेलागणीच्या आत अकराच्या अकरा पाठींना कोरडी जमीन आणि पोटाला गरम अन्न. हा माझा शब्द." स्टँडवरचे चार लोक वळून बघू लागले. पुढे काय वाढून ठेवलंय हे तेव्हा माहीत असतं, तर काका जरा हळू बोलले असते.

निवारा केंद्र भरलं होतं. पालिकेनं शाळा उघडल्या होत्या, पण जवळची शाळा घाटावरच्या माणसांनी दुपारीच भरली. दुसऱ्या शाळेतल्या बाई फोनवर म्हणाल्या, "काका, दोन माणसांना देते जागा, अकरा कुठे बसवू?" धर्मशाळा त्र्यंबकच्या यात्रेकरूंनी खचाखच. श्रावणी सोमवार दोन दिवसांवर आलेला. मुक्कामीचं पान संपलं, काकांनी ते उलटून पाहिलं, जणू मागे काही लिहिलेलं असेल. जलदच्या पानावरून मात्र काम झालं, ट्रस्टच्या पोरांनी चहा-बिस्किटं आणून दिली, बाळाला गरम दूध मिळालं. पण बिस्किटावर पाठ टेकता येत नाही.

शेवटी काकांनी घरी फोन लावला. आपल्या दीड खोलीत काय होईल, हे त्यांनी भीत भीत विचारलं.

"आणा की," लतिकाबाई म्हणाल्या. "अकरा माणसं उभी राहतील आपल्याकडे. झोपायचं कसं ते तुम्ही सांगा." मग म्हणाल्या, "पंचवटीत सख्खं घर आहे, अहो. वर हॉल आहे."

"त्या दारात मी जाणार नाही."

"तुम्हाला कोण जा म्हणतंय? त्या लोकांना जायचंय. तुम्ही फक्त रस्ता दाखवायचा. एकतीस वर्षं तेच तर केलंत."

काकांनी फोन खिशात ठेवला. समोर वैष्णवी ओल्या पदरानं बाळाचं डोकं पुसत होती, आणि पुसून पुसून ते जास्तच ओलं होत होतं. काका उठले, छत्री उघडली आणि म्हणाले, "चला. फलाट बदललाय."

रविवार कारंज्यावरून होळकर पुलापर्यंत ही वरात चालली. पुढे छत्री घेऊन काका, मागे प्लॅस्टिकचे कागद. पुलावर पूर बघायला गर्दी. खाली गोदावरी लालभडक, घाटाचा मागमूस नाही. पुंजा कठड्याशी थबकला आणि म्हणाला, "आरारारा! आमचे पत्रे इथूनच गेले आसतील." त्यावर सखुबाई म्हणाली, "माझं पातेलं दिसलं तर हाक मारा भावजी." आणि सगळे खो खो हसले. घर वाहून गेलेली माणसं अशी हसतात, हे काकांनी पहिल्यांदाच पाहिलं. स्वतः मात्र ते पुलाच्या प्रत्येक कमानीगणिक नवं वाक्य जुळवत होते. काय बोलायचं? 'आल्हाद' म्हणायचं, की नुसतं 'अरे'?

दार यशश्रीनं, आल्हादच्या बायकोनं उघडलं. काकांना बघून तिनं डोळे मोठे केले, पण पोरगी शहाणी. सहा वर्षांचं काही काढलं नाही. "आत या काका, पाय धुवा," एवढंच म्हणाली, आणि मागची अकरा माणसं पाहून जोडलं, "सगळ्यांनीच धुवा."

आतून आल्हाद आला. काका-पुतणे समोरासमोर उभे राहिले. अवघडले की काकांचा मूळ आवाज आपोआप बाहेर येतो. त्यांनी छताकडे बघत घोषणा केली, "अकरा माणसं. मुक्कामी. जेवणासह."

आल्हादच्या ओठाचा कोपरा हलला. पण तो खरंच अडचणीत होता. "काका, वरचा हॉल भरलाय हो. अकोल्याचे बावीस यजमान पावसामुळे अडकलेत. जिन्यातसुद्धा दोघं झोपलेत."

म्हणजे इथेही नाही. काकांना वाटलं, आपण उगाच आलो. माणसांची सोय नाही झाली आणि मानही गेला. ते वळणार, एवढ्यात आल्हादनं केवळ सवयीनं, दारात माणूस दिसला की त्याच्या तोंडून जे निघतं ते विचारलं.

"गाव कोणतं?"

लंकाबाईला वाटलं, पुरावा मागतायत. तिनं लगबगीनं पोलक्यातली प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि पाच आधार कार्डं पुढे केली.

"कार्ड नको मावशी. गाव सांगा, आडनाव सांगा."

"पिंपळखोरे. ठोंबरे."

आल्हादचा चेहरा एकदम बदलला. "ठोंबरे? पिंपळखोऱ्याचे? अहो, मग माझ्या दारात काय करताय? तुम्ही मनोजगुरुजींचे!" आणि त्यानं तिथूनच समोरच्या घराकडे हाक मारली, "मन्या! ए मन्या! तुझे यजमान माझ्या पायरीवर भिजतायत!"

समोरच्या दारातून एक गोल गरगरीत गृहस्थ अनवाणी पळत आले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातानं सदऱ्याखाली धरलेली लाल कापडात बांधलेली वही. "माझे यजमान? आणि तू त्यांना पाय धुवायला सांगतोस? माझ्या घरात पाणी नाही का?" त्यांनी लंकाबाईला हात जोडले. "माउली, अगोदर का नाही आलात?"

"आमाला काय म्हाईत बाबा!" लंकाबाई म्हणाली. खरंच तिला माहीत नव्हतं. पाच मिनिटांपूर्वी नाशिकात तिला कोणी विचारत नव्हतं, आणि आता एक गुरुजी तिच्यावरून दुसऱ्या गुरुजींशी भांडत होता.

"नक्की तुझेच का बघ," आल्हाद म्हणाला. मग तिथेच ओसरीवर, ट्यूबलाइटखाली, वही उघडली. मनोजगुरुजींचं बोट पानांवरून सरसर गेलं आणि थांबलं.

"हे बघा. सन एकोणीसशे छप्पन, सिंहस्थ. कारभारी रामजी ठोंबरे, मुक्काम पिंपळखोरे, सोबत बायको आणि मुलगा."

"कारभारी माझा आज्जा," पुंजा हळूच म्हणाला. "आन् तो मुलगा म्हंजे माझा बाप."

"ही खाली सही त्यांचीच. स्वतःच्या हातानं केलेली."

पुंजा वाकला. निळ्या शाईतली, अडखळत काढलेली मोठी मोठी अक्षरं. "आज्ज्याला लिव्हता येत व्हतं?" तो म्हणाला. "आमाला कुनी सांगितलंच नाय. आमी समदे समजायचो, तो आंगठेबहाद्दर." आणि इतका वेळ पत्रे गेले तरी हसत असलेला हा माणूस एकदम डोळे पुसू लागला. मग नातवाला वैष्णवीकडून घेऊन त्यानं त्याचं बोट त्या सहीवर टेकवलं. "बघ रं, तुझ्या खापरपंज्यानं लिव्हलंय!" बाळानं वहीचं पान तोंडात घालायचा प्रयत्न केला, तेव्हा मात्र मनोजगुरुजींनी चपळाईनं वही मागे घेतली.

ठोंबऱ्यांचे पाच जण लागलीच मनोजगुरुजींचे झाले. त्यावर यशश्रीनं नवाच फाटा फोडला. बोलता बोलता लंकाबाईचं माहेर दिंडोरीकडचं निघालं, आणि ते माहेर गायधनींच्या वहीतलं. "मग माहेरवाशीण आमची," यशश्री म्हणाली. "मावशींचा पहिला चहा इथेच. मनोजभावजी, तुम्ही थांबा दहा मिनिटं." मनोजगुरुजी थांबले. त्यांनाही चहा मिळाला.

तेवढ्यात सखुबाईनं तोंड उघडलं. "आमी गांगुर्डे. आमाला कुनी हाय का नाय?"

आल्हादनं आपली वही काढली, आणि चार पानांनंतर त्याचाच चेहरा पडला. पिंपळखोऱ्याचे गांगुर्डे त्याच्याच वहीत होते. म्हणजे दारातून परत पाठवणं आता शक्यच नव्हतं. तो जिन्याशी गेला आणि वर ओरडला, "अकोलेकर! जरा सरका हो! आपलीच पाच माणसं आलीत!" वरून सतरंज्या सरकल्याचा आवाज आला आणि कोणीतरी म्हणालं, "येऊ द्या ना बाप्पा!"

जागा माणसांची नसते, जागा नात्याची असते, हे बघून काका चकित झाले. क्षणापूर्वी जो हॉल भरलेला होता, त्यात आता पाच माणसं मावत होती. ज्या वह्यांना ते मेलेल्यांची हजेरी म्हणाले होते, त्यांनी दहा जिवंत माणसांना अर्ध्या तासात घर मिळवून दिलं होतं.

दहा.

काकांनी पुन्हा मोजलं. दहाच. अकरावी चतुराबाई पायरीच्या कडेला, पागोळ्यांच्या आत जेमतेम, बोचकं मांडीवर घेऊन बसली होती.

"मावशी, तुम्ही कोणाकडच्या?" आल्हादनं विचारलं.

"मी कुनाकडची नाय," ती म्हणाली. रडून नाही, सांगायचं म्हणून सांगितलं. "ह्यांची शेजारीन. तुमी ह्यांचं बघा. मी बगते कुठं आडोसा."

"गाव?"

"गाव नाय बाबा. पालावर जल्मले. बाप दगडं फोडायचा, काम आसंल तितं पाल. पाल हाललं का गाव हाललं. नवरा बी तसाच. तो गेल्यावर सातपूरला ऱ्हायले." तिनं वहीकडे हात केला. "त्यात आमचं नाव कुठून आसनार!"

सखुबाई म्हणाली, "आमच्यासंगं ऱ्हाईल की ती," पण म्हातारीनं मान हलवली. आयुष्यभर कोणाच्या ना कोणाच्या मागून सरकलेली बाई ती, आज तिला तेही नको होतं. आणि काकांना एवढंच कळत होतं, की शब्द अकरांचा दिला होता, आणि ही बाई आता उठून पावसात चालू लागली तर तो दहांचा होईल.

आल्हादनं वही मिटली. "मावशी, आमच्या गल्लीत एक रीत आहे. ज्याचं नाव कुठल्याच वहीत नाही, तो पहिल्यांदा ज्याच्यासोबत या दारांत येतो, त्याचा यजमान होतो. मग दुसरं कोणी त्याला घ्यायचं नाही. तुम्ही कोणाबरोबर आलात?"

चतुराबाईनं काकांकडे बोट केलं. "ह्या छत्रीवाल्या दादाबरूबर."

"झालं तर मग. काका, तुमच्या."

"माझ्या?" काका दचकले. "अरे, मी कुठला उपाध्या? मी एस.टी.चा माणूस!"

"गायधनी आहात ना? नव्या यजमानाला पान लागतं, आणि ज्याचा यजमान त्यानंच ते लिहायचं. मला हात लावता येणार नाही." आल्हाद अगदी गंभीर होता. मग त्याचा आवाज खाली आला. "काका, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. स्टँडवर तुम्ही काय करता ते मला यशश्री सांगते. मी दोनदा येऊन लांबून बघूनही गेलो."

"मीही काही कमी बोललो नव्हतो," काका म्हणाले. "तुझ्या बापाच्या तेराव्याला बोललो. लाज वाटते रे मला." एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण हे वाक्य शेजारच्या मनोजगुरुजींनाही नीट ऐकू गेलं नाही. ऐकायचं त्याला ऐकू गेलं. त्यानं वाकून काकांच्या पायांना हात लावला, आणि काकांनी त्याच्या पाठीत एक जोरात धपका घातला, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही.

यजमान म्हटला की त्याची राहण्या-जेवण्याची जबाबदारी उपाध्यायाची. काकांच्या वाटणीची स्वयंपाकघरामागची खोली गव्हाच्या कट्ट्यांनी भरली होती. मग सहासष्ट वर्षांचे काका आणि इंजिनीअर पुतण्या, दोघांनी मिळून नऊ कट्टे ओढून ओसरीवर आणले. यशश्रीनं जमीन पुसली, गादी टाकली. लतिकाबाईंना फोन गेला. त्या म्हणाल्या, "यजमान आलाय तुमच्याकडे? मग मीही येते, रिक्षा मिळाली की निघाले. तुम्हाला वाढायला कुठे येतं!" आणि खरंच अर्ध्या तासात हजर झाल्या, एका हातात लोणच्याची बरणी आणि दुसऱ्या हातात आपली दोन कोरडी लुगडी.

पहिली पंगत बसली तेव्हा देवापाशी नुकताच दिवा लागला होता. पिठलं, बाजरीची भाकरी, भात आणि लोणचं. समोरच्या घरात मनोजगुरुजींनी ठोंबऱ्यांसाठी शिरा केल्याचं कळताच यशश्रीनं ईर्ष्येनं गूळ-तूप काढलं. वरून अकोल्याची मंडळी उतरली आणि त्यांनी वाढपाचा ताबा घेतला. फक्त एका पानाचं वाढप काकांनी सोडलं नाही. यजमान जेवल्याशिवाय उपाध्यायानं जेवायचं नाही, ही रीत त्यांना लहानपणापासून पाठ होती, पाळली मात्र आज पहिल्यांदा. लतिकाबाईंच्या हिरव्या लुगड्यात चतुराबाई पाटावर ताठ बसली होती आणि काका तिच्यासमोर उकिडवे बसून विचारत होते, "अजून? थोडं? भात तरी?"

जेवण झाल्यावर आल्हादनं कोरं पान काढून दिलं. काकांनी पेन घेतलं. चतुराबाई एकदा सुरू झाली ती थांबेना. बापाचं नाव, आईचं नाव, चार बहिणी, त्यातली एक लहानपणी देवीनं गेलेली, नवरा, नवऱ्याचे भाऊ. कोणाचं नाव आयुष्यात कधी कागदावर आलं नव्हतं आणि तिला सगळ्यांची सगळी नावं पाठ होती. बापाच्या दोन गाढवांचीही नावं तिनं सांगितली. "त्येंनी बी लय वझं वाह्यलंय, लिव्हा." काकांनी आल्हादकडे पाहिलं. आल्हाद म्हणाला, "पान तुमचं, काका." काकांनी लिहिलं. पंगतीतले सगळे भोवती जमले होते आणि प्रत्येक नावाला मोठ्यानं "हां!" म्हणत होते.

मग एक रकाना उरला.

"गाव," काका म्हणाले, आणि थांबले.

चतुराबाईनं सभोवार पाहिलं, ओसरीवरचे गव्हाचे कट्टे, लतिकाबाई, जिन्यावर बसलेले अकोलेकर.

"आज मी कुठं झोपनार हाय?" तिनं विचारलं.

"इथं. आतल्या खोलीत."

"उद्या पानी नाय वसरलं तर?"

"तर उद्याही इथंच."

"आन् मी मेले, तर ह्या वहीत बघून कुनी सांगंल का, का चतुरा आशी आशी व्हती?"

"सांगतील," काका म्हणाले. "मी नसलो तर आल्हाद सांगेल. त्याच्यानंतर त्याची पोरं."

"मंग इचारतो काय? नाशिक लिव्ह की."

शरच्चंद्रांनी 'ना' काढला, पुढची अक्षरं त्यांना दिसेनात. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला, तरी दिसेनात. मग आल्हादनं वही नीट धरली, काकांनी अंदाजानंच 'शिक' पुरं केलं, आणि चतुराबाईनं निळ्या शाईत अंगठा बुडवून तो त्याच्या शेजारी, चांगला दाबून, उठवला.